बिनजाळाचं अंडं

नीलाक्कांविषयी लिहायचं म्हणजे मला आधी थोडं चिडून घ्यावं लागतं. त्या स्वतः सदा चिडलेल्या असत, पण त्यांचं चिडणं मला आवडायचं. माझा राग आहे तो त्यांच्या घरच्या माणसांवर, आणि त्यातही अण्णांवर, म्हणजे त्यांच्या नवऱ्यावर. अण्णा आजारी होते, स्वभावानं गरीब होते, कुणाच्या अध्यात ना मध्यात असे होते, हे सगळं मला माहीत आहे. माहीत असूनही राग जात नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मी मूळची गारगोटीची. कोल्हापुरात शाळेत नोकरी लागली तेव्हा शाहूपुरीतल्या एका घराच्या गच्चीवरची खोली भाड्यानं घेतली. खाली सरकी-पेंडेचं दुकान, पहिल्या मजल्यावर थोरल्या भावाचं कुटुंब, दुसऱ्यावर अण्णा आणि नीलाक्का, आणि वर मी. थोरल्या भावाला सगळी गल्ली मालक म्हणायची. दुकान दोघा भावांचं होतं, पण गल्ल्यावर मालक बसायचे आणि अण्णा पोती मोजून घ्यायचे. घर लिंगायतांचं, कडक शाकाहारी.

पहिल्याच दिवशी नीलाक्कांनी मला जिन्यात गाठलं. ठेंगणी, रुंद हाडाची बाई, इरकली लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला. आवाज असा की दोन मजले खाली पोत्यावर बसलेले हमाल वर बघायला लागले.

"मास्तरीणबाई, अंडं, मासं, मटण, काय खायाचं त्ये भाईर खावा. तुमच्या तोंडाला मी कुलूप लावत न्हाय. पर ह्या घरातल्या कुठल्या जाळावर त्ये चढायचं न्हाय. वास आला तर तुमचं सामान मी सोता खाली उतरवतो."

त्या 'उतरवतो' असंच म्हणाल्या. मी जातो, मी करतो, मी आलतो. आमच्या भागातल्या पुष्कळ बायका असंच बोलतात, पण नीलाक्कांच्या तोंडी ते फारच शोभायचं. माहेर त्यांचं निपाणीच्या पलीकडचं. राग मराठीत मावेनासा झाला की त्या कानडीत शिरायच्या, आणि शेवटी "साकू!" म्हणून थांबायच्या. साकू म्हणजे पुरे. समोरच्याला पुरे, की स्वतःला, ते कधी कळायचं नाही.

त्यांच्या रागाचा एक नियम होता. उपाशी माणसावर ओरडायचं नाही. एकदा वीजबिल भलतंच आलं. पुढच्या महिन्यात मीटर बघायला आलेल्या माणसाला त्यांनी पायरीवर बसवलं, वर जाऊन भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा घेऊन आल्या, आणि तो जेवेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. पोरगेलासा माणूस, खूश होऊन जेवला. त्यानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला मात्र, आणि नीलाक्कांचं तोंड सुटलं. "बसून आकडा लिवलास व्हय रं? मीटर बघितलंस का डोळं मिटून? माझ्या घरात काय साखर कारखाना चाललाय?" सगळी गल्ली जमली. त्या माणसाला ना पळता येईना ना बोलता येईना, कारण भाकरी त्यांचीच पोटात होती. जाताना त्यानं मला विचारलं, "ह्या रोज अशाच असतात का?" मी म्हटलं, "नाही, आज तुम्ही पाहुणे म्हणून जरा कमी होत्या."

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखे दिवस होते. मग अण्णांच्या घशात गाठ निघाली.

ऑपरेशन झालं, गाठ गेली, पण आवाजही गेला. डॉक्टर म्हणाले, आवाज येईल, वेळ लागेल. त्याआधी लाईट, म्हणजे किरणांचे उपचार, द्यावी लागेल, आणि ती सोसायची तर अंगावर मांस हवं. अण्णांची तर नुसती काठी झाली होती. वजन वाढल्याशिवाय पुढचे उपचार सुरू करता येणार नाहीत, आणि फार उशीर करूनही चालणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दुधानं कफ व्हायचा आणि खोकून खोकून टाके दुखायचे. पनीर घशात अडायचं. डाळीच्या पाण्यावर माणूस किती दिवस काढणार? डॉक्टर म्हणाले, "अंडं द्या. उकडून घट्ट केलेलं नको, तेलातलं नको. मऊ, पाण्यात सोडलेलं, आपोआप घशाखाली उतरेल असं."

नीलाक्का हे ऐकून घरी आल्या त्या दिवशी कुणावरही ओरडल्या नाहीत. त्याचीच मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर त्या माझ्या खोलीत स्टुलावर बसलेल्या. समोर माझा एअर फ्रायर. पुण्याच्या भावानं दिवाळीत पाठवला होता, मी त्यात पापड आणि शेंगदाणे भाजायची. नीलाक्कांना त्याचा पहिल्यापासून संशय होता. "तेल न्हाय, जाळ न्हाय, मग शिजतंय कशावर? शिव्यांवर?" असं त्या विचारायच्या. त्या दिवशी मात्र त्यांनी त्याच्या झाकणावर हात ठेवला होता.

"ह्यात जाळ न्हाय म्हणालीस न्हवं?"

"नाही. नुसती गरम हवा फिरते."

"चूल न्हाय. निवद शिजतो त्यो जाळ न्हाय. मग बाटतंय काय?"

त्या मला विचारत नव्हत्याच. रात्रभर जागून त्यांनी स्वतःशीच हा निवाडा केला होता. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या ज्या शेगडीवर देवाचा नैवेद्य शिजायचा तिच्यावर अंडं चढणं त्यांना शक्य नव्हतं, आणि माझ्या शेगडीला त्यांनीच बंदी घातली होती. आपणच घातलेला नियम आपल्या सोयीसाठी मोडायचा नाही, एवढी ती बाई सरळ होती. जाळाचा नियम होता. जिथं जाळच नाही तिथं नियम मोडत नव्हता.

अंडी मी आणली. नीलाक्कांनी जन्मात अंडं हातात धरलेलं नव्हतं. पहिलं त्यांनी लिंबू धरावं तसं मुठीत धरलं आणि ते तिथंच फुटलं. हाताकडे बघत त्या कोंबडीला कानडीत काय काय बोलल्या. मग स्टीलच्या वाटीत गार पाणी घेऊन त्यात दुसरं फोडलं, तर वरून चामड्यासारखा पापुद्रा आला आणि खाली सगळं कच्चंच. तिसऱ्या वेळी माझ्या विजेच्या किटलीतलं उकळतं पाणी घेतलं, पण आतल्या वाऱ्यानं पांढरं उडून वरच्या जाळीला चिकटलं. जुना टूथब्रश घेऊन नीलाक्का ती जाळी घासत बसल्या. "यंत्र हाय का वावटळ!" शेवटी त्यांनी ताकाच्या भांड्याची जड पितळी झाकणी आणून वाटीवर ठेवली. वारा झाकणीला काही करू शकला नाही. काढून बघितलं तर पांढरं छान बसलेलं, आणि मधलं पिवळं जरा हलवलं की थरथरत होतं. नीलाक्का बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. ती वाटी आणि झाकणी पुन्हा त्यांच्या स्वयंपाकघरात गेल्या नाहीत, माझ्याच खोलीत राहिल्या.

पुढचं मी नीट सांगते, कारण त्यावरच सगळं अडलेलं आहे. वाटी घेऊन त्या खाली गेल्या. मीठ राहिलं म्हणून मी मागोमाग गेले आणि दारात उभी राहिले. अण्णा पलंगावर उशीला टेकून बसले होते. नीलाक्का त्यांच्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "ह्ये अंडं हाय. डॉक्टर म्हणालेत म्हणून केलंय, जाळावर केल्यालं न्हाय. खायाचं का न्हाय ह्ये तुमी ठरवा. मी तुमास्नी फसवून घालणार न्हाय."

अण्णांनी गळ्यातल्या चांदीच्या पेटीला, तिच्यातल्या लिंगाला, हात लावला. वाटीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मग तोंड उघडलं. मी दारात होते. माझ्या डोळ्यांदेखत उघडलं.

तेव्हापासून रोज सकाळी हे चालू झालं. मी शाळेला जायच्या आधी नीलाक्का वर यायच्या, पाण्यात चिमूटभर हळद घालायच्या, अंडं करायच्या आणि खाली न्यायच्या. स्वतःच्या तोंडात त्यांनी त्यातला कणही घातला नाही. दर सोमवारी दुकानच्या मोठ्या काट्यावर अण्णांना उभं करायच्या. हळूहळू काटा हलायला लागला. अण्णांचे गाल भरले. जिना चढताना ते दोनदा थांबायचे ते एकदा थांबायला लागले. आवाज नव्हताच, तेव्हा डॉक्टर काही विचारत ते नीलाक्कांना, आणि अण्णांच्या वतीनं उत्तर द्यायच्या त्याही नीलाक्काच.

घात झाला तो उदानं. अंड्याचा वास खाली जाऊन कुणाला त्रास नको म्हणून नीलाक्का त्या वेळेला जिन्यात ऊद लावायच्या. त्या घरात ऊद फक्त सोमवारी आणि अमावास्येला, पूजेच्या वेळी लागायचा. थोरल्या जाऊबाईंच्या नाकाला रोजचा ऊद खटकला. मंगळवारी ऊद, बुधवारी ऊद, हे कुठलं व्रत? एके दिवशी त्या पावलांचा आवाज न करता वर आल्या आणि वाटी बघून तशाच खाली गेल्या.

जरा वेळानं मालक जिन्यात. "नीला! घर बाटवलंस!"

नीलाक्का दारात आल्या. पदर डोक्यावर घेतला आणि विचारलं, "न्ह्यारी झाली न्हवं, भावजी?"

मालक गोंधळले. "व्हय, झाली की."

"मग ऐका आता. चोरून करायचं असतं तर रोज ऊद लावून दवंडी पिटली असती व्हय? तुमच्या नाकाला तरास नको म्हणून लावत हुतो. अंडं जाळावर केल्यालं न्हाय. वर जाऊन त्या यंत्राला हात लावा, आत निखारा सापडला तर मी आत्ता घर सोडतो. तुमचा भाऊ वाळून चाललाय त्ये दिसंना, आन् वाटी तेवढी दिसली? तुमी दर ऐतवारी मळ्यात जाऊन काय जेवतासा त्ये मी कधी इचारलंय?"

मालक रविवारी मळ्यात जातो म्हणून निघायचे आणि तांबड्या रश्श्यानं तृप्त होऊन परत यायचे, हे सगळ्या जिन्याला रुमालाच्या वासावरून कळायचं. त्याच गल्लीत, त्यांच्याच भावकीत, औषध म्हणून अंडं खाणारी किती तरी घरं होती, आणि कुणी कुणाचं ताट उघडून बघत नव्हतं. पण मालकांचं वर्म जिन्यात सगळ्यांदेखत निघालं होतं. ते एवढंच म्हणाले, "आजपासनं ह्याला दुकानच्या काट्यावर उभा करायचा न्हाय. काटा म्हणजे लक्ष्मी हाय."

त्या काट्यावर पेंड मोजायचे, भुस्सा मोजायचे, हमालांची पोरं खेळत उभी राहायची. सख्खा भाऊ चढला की लक्ष्मी बाटणार होती! मला त्या माणसाचा इतका संताप आला की त्या दिवशी शाळेत मी विनाकारण एका वर्गावर ओरडले.

नीलाक्कांनी वाद घातला नाही. सोमवार आल्यावर अण्णांना रिक्षात घातलं, मला म्हणाल्या चल, आणि रिक्षा थेट गुळाच्या बाजारात नेली. ओळखीची ना पाळखीची, समोर दिसेल त्या अडतीत, म्हणजे गुळाच्या दलालाच्या पेढीत, शिरल्या. काट्यावर गुळाचे रवे, मोठाल्या ढेपा, रचलेले.

"पावणं, ह्ये रवं खाली घ्या. माझा माणूस मोजायचाय."

अडत्या बघतच राहिला. "अक्का, हितं गूळ मोजत्यात."

"मग? ह्ये काय कडू हाईत?"

हमाल हसत सुटले आणि त्यांनीच रवे उतरवले. कुणीतरी अण्णांना बसायला पोतं घातलं. अण्णा लाजून मान खाली घालून बसले. काटा थांबला, आणि आकडा बघून नीलाक्का अशा ओरडल्या की शेजारच्या अडतीतली माणसं धावत आली. वजन वाढलं होतं. डॉक्टरांना हवं होतं तेवढं झालं होतं. अडत्यानं अण्णांच्या हातात गुळाचा खडा दिला. ते तो गिळू शकत नव्हते, पण रिक्षात सगळ्या वाटेनं त्यांनी तो मुठीत धरला होता. त्या दिवशी अण्णा मला फार आवडले होते, म्हणून तर आता जास्त राग येतो.

लाईट झाली. अण्णा तगले. पुढं आवाजही आला, घोगरा आणि तुटक. श्रावणात मालकांनी घरी पूजा घातली, भावकी बोलावली. पंगत पहिल्या मजल्यावर होती, मलाही आग्रहानं बोलावलं होतं. नीलाक्का हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढत होत्या. भावकीतले एक वयस्कर गृहस्थ अण्णांच्या शेजारी बसले होते. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं अण्णांना विचारलं, "शिवाप्पा, तू अंडं खाल्लंस म्हणं?"

पंगत थांबली. मालक ताटावरून भावाकडे बघत होते. अण्णा खाकरले आणि म्हणाले, "मला काय ठावं? ती भरवत हुती, मी गिळत हुतो. काय हाय त्ये मला सांगितलंच न्हाय."

आवाज परत आल्यावर त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं सलग बोलणं. ज्या बाईनं त्यांना अंड्याअंड्यानं परत उभं केलं, जिनं आयुष्यात एक गोष्ट लपवून केली नाही, तिला त्यांनी भावाशेजारच्या पाटासाठी सगळ्या भावकीसमोर फसवी ठरवलं. कुणी म्हणेल, माणूस भित्रा असतो. असेल. पण गुळाच्या काट्यावर बसताना नव्हती वाटली भीती, आणि तोंड उघडतानाही नव्हती वाटली.

मी उठले आणि म्हणाले, "अण्णा, मी दारात उभी होते. अक्कांनी तुम्हाला सांगितलं होतं."

"मास्तरीणबाई," मालक म्हणाले, "भाडेकरूनं घरच्या गोष्टीत पडू नये."

अण्णा ताटाकडे बघत हुग्गी कालवत राहिले. सगळ्यांचे डोळे नीलाक्कांवर. आता ह्या घर डोक्यावर घेणार, असंच सगळ्यांना वाटलं. पंगत अजून जेवत होती. नीलाक्कांनी पंगत शेवटपर्यंत वाढली. अण्णांच्या ताटात ते हात आडवा धरेपर्यंत हुग्गी घातली. हात धुऊन झाले, विडे झाले, माणसं जरा रेंगाळली. मला वाटलं, आता. पण नीलाक्का रिकामं पातेलं घेऊन जिना चढून वर गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडून झालं की त्यांचा राग संपायचा, हा त्यांनी तसाच ठेवला.

त्यानंतर त्या अण्णांशी बोलल्या नाहीत. स्वयंपाक करायच्या, ताट वाढायच्या, औषध काढून पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवायच्या, पण शब्द नाही. भाजीवाल्याशी, हमालांशी, माझ्याशी सगळं पहिल्यासारखं भांडण चालू होतं. हुबळीला दिलेली मुलगी येऊन समजूत घालून गेली, उपयोग झाला नाही. दिवाळीच्या आत मालकांनी मला खोली रिकामी करायला लावली. टेम्पोत सामान चढवताना नीलाक्का हमालावर ओरडत होत्या, "बाईचं पुस्तकांचं खोकं हाय त्ये, पेंडंचं पोतं न्हवं!" मी एअर फ्रायर त्यांना देऊ केला. "मला कशाला?" म्हणाल्या, "मी कुठं अंडं खातो?"

मध्ये पुष्कळ महिने गेले. मग वडिलांच्या खोकल्यासाठी त्यांना गारगोटीहून आणून मी त्याच डॉक्टरांकडे गेले. आपल्याकडे पुढच्या पेशंटला आधीच आत आणून भिंतीकडेच्या बाकावर बसवतात, तसे आम्ही बसलो होतो, आणि समोरच्या खुर्च्यांवर अण्णा आणि नीलाक्का होते. अण्णा पुन्हा वाळले होते. शर्टाची कॉलर मानेपासून लांब उभी राहिली होती.

डॉक्टर फाईल चाळत म्हणाले, "वजन उतरलंय. हे काही बरं नाही. अंडी बंद केलीत का?"

अण्णांनी जुन्या सवयीनं नीलाक्कांकडे बघितलं. डॉक्टरांनीही सवयीनं त्यांनाच विचारलं, "अक्का, काय देताय सध्या खायला?"

"मला इचारू नगा, डॉक्टर," नीलाक्का म्हणाल्या. "त्यास्नी बोलता येतंय की आता."

अण्णांनी इकडे तिकडे बघितलं. त्यांना बाकावर मी दिसले. "आमच्यात चालत न्हाय," ते पुटपुटले.

"मग तेव्हा कसं चाललं?" डॉक्टरांनी सहज विचारलं. त्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. "न सांगता दिलं होतं की काय?"

डॉक्टर पेन धरून थांबले. माझे वडील मधेच खोकले आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"न्हाय," अण्णा शेवटी खाली बघत म्हणाले. "तिनं सांगून दिलं हुतं. अंडं हाय म्हणून सांगूनच दिलं हुतं."

नीलाक्कांनी मांडीवरची पिशवी उचलली आणि उभ्या राहिल्या. इतक्या महिन्यांनी त्या नवऱ्याशी बोलल्या, तेही त्यांच्याकडे न बघता.

"हितं नगं," त्या म्हणाल्या. "पंगतीत सांगा."

आणि दार उघडून बाहेर गेल्या.